सॉल्व्हंट कोणी ठरवला

मगदूम सर मला कधीच आवडले नाहीत. वय वाढलं की जुन्या माणसांबद्दल मन मऊ होतं म्हणतात. माझं झालेलं नाही. सात वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आणि त्या सात वर्षांत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे बस वळली की उतरून परत घरी जावंसं वाटायचं. आमच्यातले बरेच जण आता पुण्या-हैदराबादला मोठ्या जागांवर आहेत. भेटले की म्हणतात, सर कडक होते, पण त्यांच्यामुळं घडलो. म्हणू देत. शबाना मणेर नावाची एक मुलगी त्यांच्यामुळं संशोधनातून उठली, आणि ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होती. त्यामुळे मला त्या कौतुकात सामील होता येत नाही.

आमची कंपनी जनावरांची औषधं आणि तपासणीची किट्स बनवायची. तिच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांची आमची संशोधन शाखा. आम्ही सहा जण आणि सर. म्हशींना काससुजी होते, म्हणजे कास सुजून दूध नासतं, त्यावर प्रतिजैविकांऐवजी दुसरं काही चालेल का, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी पेप्टाइड्स मागवायची, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, खास प्रयोगापुरते बनवून घेतलेले. ते येतात कोरड्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात, बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत. कधीकधी भुकटी इतकी थोडी असते की कुपी रिकामीच आली की काय असं वाटतं. पहिलं काम ती विरघळवायचं, आणि सगळी गोम तिथंच असते. एखादं पाण्यात सहज विरघळतं. एखाद्याला किंचित ॲसिटिक ॲसिड लागतं, एखाद्याला अमोनिया. काही इतकी तेलकट असतात की आधी डीएमएसओसारख्या द्रवात घ्यायची आणि मग थेंबाथेंबानं पाण्यात सोडायची. सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायचा द्रव, चुकीचा पडला की कित्येक महिने वाट पाहून आलेला माल एका मिनिटात वाया जातो.

कशात काय विरघळेल, हे सरांइतकं अचूक सांगणारा माणूस मी पाहिला नाही. एवढं मी कबूल करतो. आणि ते सांगायचे नाहीत, हीच त्यांची ख्याती होती.

माणूस बुटका, आवाज मात्र शेड हलवणारा. कागलच्या पलीकडे, सीमेलगतच्या गावातलं जैन शेतकरी घराणं. राग साधा असला तर मराठीत, फार झाला तर कानडीत. अंगाला कायम ॲसिटिक ॲसिडचा आंबूस वास. खिशाला दोन पेनं, एक लिहायला आणि दुसरं समोरच्याच्या छातीवर टोचायला. नव्या माणसाला ते वर्षभर नावानं हाक मारत नसत, 'पावणं' म्हणत. आमच्याकडे अनोळखी माणसाला आपुलकीनं पावणं म्हणतात. सरांच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच असायचा की तू इथला नाहीस आणि फार दिवस टिकणारही नाहीस. वर्ष संपल्यावर मी काजूबागांच्या आजऱ्याचा म्हणून माझं नाव 'काजू' पडलं. त्याला बढती समजायचं. जातधर्म बघून त्यांनी कधी कोणाचा अपमान केला नाही, त्या बाबतीत त्यांच्याकडे संपूर्ण समता होती.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं की हे पेप्टाइड कशात विरघळवू. ते म्हणाले, "जिभंवर घाल, समजंल." सगळे हसले. मग त्यांनी त्या पेप्टाइडमधल्या घटकांचा क्रम लिहिलेला कागद माझ्यापुढं टाकला आणि बोटांवर मोजायला लावलं. धन भार असलेले किती, ऋण भार असलेले किती, पाण्याला न जुमानणारे किती. प्रयोगशाळेच्या मधोमध उभं राहून, बालवाडीतल्या पोरासारखी बोटं वर करून. माझा आकडा चुकला की त्यांचं पेन छातीत. घाबरून मी घाई केली, बफर, म्हणजे भरपूर क्षार असलेलं तयार द्रावण, थेट भुकटीवर ओतला, आणि कुपीत पांढरा चोथा साचला. सरांनी कुपी दिव्यापुढं धरली, सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले की ताक छान झालंय, मीठ तेवढं बेतानं. त्या कुपीवर चिठ्ठी लावली, 'ताक', आणि महिनाभर ती माझ्या टेबलावरून हलवू दिली नाही. कंपनीचे पाहुणे आले की ते तिची ओळख करून देत.

आधी साधं पाणी, जमलं नाही तरच पुढचं, आणि क्षार अगदी शेवटी. हे मी आजही विसरलेलो नाही, पण त्यासाठी महिनाभर ताक बघायची काय गरज होती?

त्यांचे नियम ठरलेले होते. शीतपेटीतून काढलेली कुपी अर्धा तास तशीच टेबलावर ठेवायची, नाहीतर उघडताच हवेतला ओलावा आत शिरतो. तो अर्धा तास तिच्यासमोर उभं राहायचं, खुर्ची घ्यायची नाही. का, तर बसलेला माणूस फोन काढतो. विरघळवताना कुपी हलवायची नाही, हळू फिरवायची. आधी चिमूटभरच भुकटीवर बघायचं, सगळ्यावर हात टाकायचा नाही.

आणि एक नियम वहीचा. आमच्या वहीत प्रत्येक पेप्टाइडपुढे एक रकाना होता, 'सॉल्व्हंट कोणी ठरवला'. त्यात ज्याच्या हातात पिपेट त्यानंच स्वतःचं नाव लिहायचं. सल्ला कोणाचाही असो. सर म्हणत, "हात ज्याचा, नाव त्याचं. माझं नाव त्या वहीत दिसलं तर वही फाडीन." नव्या लोकांना यात मोठेपणा दिसायचा, की बघा, माणूस श्रेय घेत नाही. मलाही दिसला होता.

त्यांच्या बाजूचंही एक सांगतो, नाहीतर म्हणाल आकस धरून लिहितोय. आकस आहेच, पण हे खरं घडलेलं आहे. एकदा कोल्हापुरातल्या एका व्यायामशाळेचा मालक गाडी घेऊन आला. धिप्पाड माणूस, गळ्यात चेन, खिशात इंटरनेटवरून मागवलेल्या पेप्टाइडच्या चार कुप्या. पोरांना टोचायचं होतं, कशात कालवायचं तेवढं सांगा म्हणाला. सरांनी एक कुपी हातात घेतली, तिच्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांसाठी नाही, आणि तो माणूस हसला. म्हणाला, सगळ्यांवरच असं लिहिलेलं असतं. सर चारही कुप्या घेऊन बेसिनपाशी गेले, झाकणं उपटली आणि नळ सोडला. तो अंगावर धावून आला. सर त्याच्या छातीलाही लागत नव्हते. पेन तिथं टोचून म्हणाले, "म्हशीला दिऊ का नगो म्हणून आमी सात वर्सं बघालोय. आन तू पोरास्नी टोचालास?" मालक पोलिसांत जातो म्हणून गेला तो परत आला नाही. त्या दिवशी आम्ही सगळे सरांवर खूश होतो. मीही होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिपेट तिरकी धरली म्हणून सर्वांसमोर तासभर उभं केलं, आणि हिशेब बरोबर झाला.

शबाना मुरगूडची. वडिलांचं तिथं गादीचं दुकान, घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. सरांचं 'पावणं' तिनं वर्षभर हसत पचवलं. मी ज्या गोष्टींनी रात्रभर तळमळायचो त्या ती एसटीत बसायच्या आत विसरून जायची. बोटांवर भार मोजायला लावलं तर तिनं बोटं वर केली नाहीत. कागदाकडे एकदा बघून उत्तर सांगितलं, आणि ते बरोबर होतं. सर तेव्हा दुसरीकडे वळले. ते तिला नंतर 'आक्का' म्हणू लागले, आणि आमच्यात कोणालाच एवढी मोठी पदवी मिळाली नव्हती.

आमचं जुनं पेप्टाइड जंतू मारायचं, पण दुधात गेलं की ढेपाळायचं. शबानानं त्याच्या रचनेत दोन जागा बदलल्या, आणि दोन्ही ठिकाणी गंधक असलेले घटक घातले. कागदावर ते फार सुरेख दिसत होतं. परदेशातून बनवून यायला आठ महिने लागले. आलं ते फक्त दोन मिलिग्रॅम, काचेला धुरकट डाग लागावा इतकं. व्यवस्थापनानं आधीच बजावलं होतं की दुसऱ्यांदा मागवणार नाही. मार्चअखेर निकाल दिसला तर तिची पीएच.डी.ची नोंदणी टिकणार, नाहीतर रद्द. घरी लग्नाचं बघत होते, आणि तिनं वडिलांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. तिचं जे काही होतं ते त्या डागात होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तो दिवस डिसेंबरचा. सर सूर्यास्ताच्या आत जेवायचे, म्हणून थंडीच्या दिवसांत पाचलाच डबा उघडत. त्यांचं नियमाचं असायचं, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या दिवशी मीटिंग लांबली होती. पावणेसहा होत आले होते आणि डबा अजून बंद होता. शबानाची कुपी अर्धा तास टेबलावर राहून तयार होती. चिमूटभर काढून बघायला त्यात चिमूटभरही नव्हतं, जे करायचं ते सगळ्यावरच. तिनं वहीत आधी सगळं मांडून ठेवलं होतं. पाण्यात होणार नाही. डीएमएसओ नको, कारण गंधक असलं की ते बिघडवतं. म्हणून डीएमएफ, त्याच जातीचा पण गंधकाला न छेडणारा द्रव, घ्यायचं.

सर डबा हातात घेऊन तिच्या मागून चालले होते. तिनं विचारलं सुद्धा नव्हतं, फक्त म्हणाली की सर, डीएमएफ घेतेय.

"डीएमएसओत घाल."

"सर, नवा क्रम हाय ह्यो. दोन ठिकानी गंधक..."

"जुनं कशात घातलतं?"

"डीएमएसओत, पर..."

"मग मला शिकवू नगो. घाल."

आणि ते जेवायला गेले. कागद त्यांनी पाहिला नाही. मी आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कोणाला सॉल्व्हंट सांगितला, आणि तो न बघता सांगितला. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. शबाना माझ्याकडे वळून बघत होती. मी खांदे उडवले. जिला त्यांनी आक्का म्हटलं होतं तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला, की त्यांना काहीतरी ठाऊक असेल जे पुस्तकात नाही. तिनं डीएमएसओ घातलं. डाग क्षणात विरघळला, अगदी स्वच्छ. मग नियमाप्रमाणे वहीतलं डीएमएफ खोडून तिनं डीएमएसओ लिहिलं, आणि त्या रकान्यात आपलं नाव.

आठवड्यानं जंतू मजेत वाढले होते. तपासलं तर पेप्टाइडचे रेणू गंधकाशी गंधक जोडून एकमेकांना चिकटलेले, आणि उरलेले करपलेले. डीएमएसओ पुन्हा वाळवून काढताही येत नाही. संपलं होतं.

जानेवारीत डायरेक्टरांच्या खोलीत चौकशी झाली. डायरेक्टर, सर, शबाना आणि शेजारच्या टेबलावरचा म्हणून मी. सरांनी वही उघडून डायरेक्टरांपुढं सरकवली आणि शबानाला विचारलं की नाव कोणाचं आहे. ती म्हणाली, "नाव माजं हाय सर. सांगिटलं तुमी."

सर म्हणाले, "मी सॉल्व्हंट सांगत न्हाई. हितं समद्यास्नी ठाऊक हाय."

ते खरं होतं, हीच त्यातली नीच गोष्ट. डायरेक्टरांनाही ठाऊक होतं. इतक्या वर्षांची ख्याती त्यांनी त्या एका वाक्यामागं उभी केली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. मग डायरेक्टरांनी मला विचारलं की तू काही ऐकलंस का.

माझा स्वतःचा प्रबंध तेव्हा सरांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. मी म्हणालो की माझं लक्ष नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली मी सही केली.

शबानाच्या फाइलमध्ये 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. मग एक दिवस तिनं टेबल आवरलं. पिपेटचा तिचा संच मला देऊन गेली, की तुझा जुना झालाय. मुरगूडला ती शिकवण्या घेऊ लागली. सरांनी माझ्या प्रबंधावर सही केली, एक शब्दही न बदलता. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर मी बसलो. निरोपसमारंभात सगळ्यांनी त्यांच्यावर भाषणं केली. मला आग्रह झाला, मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. त्यांनी एका मुलीचा बळी दिला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी तिथं बोललो नाही, घरी बायकोला सांगितलं, आणि नंतरही अनेकदा सांगितलं. सांगताना मी चौकशीतलं माझं वाक्य गाळत असे.

गेल्या वर्षी शबानाचा फोन आला. एका मोठ्या संस्थेत तिची पीएच.डी.साठी निवड झाली होती, पण आधीच्या फाइलमधल्या त्या शेऱ्याचा खुलासा त्यांना हवा होता. म्हणाली, तुम्ही ऐकलं होतं, तेवढं दोन ओळीत लिहून द्या. तिनं पूर्वी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी बघतो म्हणालो, आणि बघण्यात तीन आठवडे गेले. लिहायचं म्हणजे कंपनीच्या कागदावर मी खोटी सही केली होती, हेही लिहायला लागणार. मग माझ्या डोक्यात आलं की चूक सरांची, तर लिहून सरांनीच दिलं पाहिजे. हा विचार मला इतका पटला की मी तावातावानं निघालो. तो रविवार होता. तिची मुदत सोमवारी संपत होती.

राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. सर पायरीवर बसून नळाचा वायसर बदलत होते. वाळले होते, शर्ट खांद्यावरून उतरत होता. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सगळं बोललो, सात वर्षांचं साठलेलं. ताकासकट. त्यांनी पाना चालवणं थांबवलं नाही. मी दमल्यावर त्यांनी आत हाक मारून सुनेकडून कागद मागवला, मांडीवर ठेवून लिहिला आणि माझ्याकडे दिला. अक्षर तसंच, दाबून लिहिलेलं.

'शबाना मणेर हिने डीएमएफ निवडले होते व ते बरोबर होते. मी क्रम न पाहता तिला डीएमएसओ घालण्यास सांगितले. चौकशीत मी खोटे बोललो. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने माझे बोलणे ऐकले होते व तोही खोटे बोलला.' खाली त्यांची सही. तिच्या खाली त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि वर सहीपुरती जागा सोडली होती.

मी म्हणालो, शेवटच्या वाक्याची गरज नव्हती.

"माजी एकट्याची सही न्हेनार, आन तू नामानिराळा ऱ्हानार, व्हय?" त्यांनी मान वर केली. "त्या खोलीत मी वाट बघत हुतो. म्हटलं ह्यो पोरगा आता बोलंल, मग मला बी बोलाय लागंल. तू बोलला न्हाईस."

"तुमची सही अडकली होती सर, माझ्या प्रबंधावर."

"ती मी चौकशीच्या आदल्या दिवशीच केलती," ते म्हणाले. "जा आता. तिची मुदत हाय."

मी फाटकापर्यंत आलो तेव्हा त्यांनी नळ सोडून पाहिला. गळत होता. पुन्हा बंद करून ते पाना घेऊन वाकले, आणि माझ्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही, पाहायची इच्छाही नाही. स्वतःचा भित्रेपणा त्यांनी माझ्या गळ्यात अर्धा बांधला, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. त्या माणसाचा राग मी कधी सोडणार नाही.

सोमवारी दिवसभर तो कागद माझ्या बॅगेत होता. सही मी मंगळवारी केली.